टॉवेलाखालची मूठ

अंगद नरवडेला हातात पत्ते असले की काही वाटत नसे. पत्ते टाकून दिले की मात्र त्याचा जीव कासावीस व्हायला लागायचा. डाव अजून चालूच असायचा, बाकीचे तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत चिंचोके पुढे सरकवत असायचे, आणि अंगदला कळत नसे की आता आपल्या डोळ्यांचं करायचं काय. ते आधी चहाच्या पेल्यावर जात, मग पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्टीवर, मग आपसूक शर्टाच्या खिशाकडे. खिशात मोबाईल असायचा. तो काढायचा नाही असं ठरवलेलं असायचं. तरी हात खिशाशी जाऊन, नुसता चाचपून परत यायचा.

तिसगावचा जनावरांचा आठवडी बाजार उजाडता भरतो आणि दुपारी एकच्या आत उठतो. तो उठला की विजयमालाबाईंच्या हॉटेलामागे, पत्र्याखाली हा डाव बसायचा. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि दोन बाकडी. डावाला चौघं: काकासाहेब लवांडे, सुनील, अंगद, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्वतः विजयमालाबाई. पैसे लावायचे नाहीत हा काकासाहेबांचा दंडक. ज्याच्या त्याच्या पुढ्यात पन्नास चिंचोके. ज्याचे संपले त्यानं उठून सगळ्यांना पाणी द्यायचं, एवढीच शिक्षा.

तिघे पुरुष बैलांचे दलाल. अंगदच्या घरात हे काम आजोबांपासून. आजोबांनी वडिलांचा हात धरून शिकवलं, वडिलांनी अंगदचा. हात धरून, हे अगदी खरं. कारण या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, उजवा हात उजव्या हातात देतात आणि वरून टॉवेल टाकतात. एका बोटाला किती, हे आधी ठरतं. मग बोलणं बंद. टॉवेलाखाली एक बोट धरतो, दुसरा ते सोडवून दोन धरतो. तोंडं मात्र भलतीकडे. एक आभाळाकडे बघतो, दुसरा बैलाच्या खुराकडे. पटलं की मूठ आवळायची. आवळलेली मूठ फिरवता येत नाही. कागद नाही, सही नाही, पण ती मोडणाऱ्याचा हात त्या बाजारात पुन्हा कोणी धरत नाही.

वडील सांगायचे, बोटांवर आकडा असतो, खरं काय ते मनगटात असतं. समोरचा तीन बोटं धरून थांबला तर खरंच थांबला आहे की अजून एकाला वाव आहे, हे त्याच्या मनगटाच्या शिरेवरून कळायला हवं. विशीत असतानाच अंगदला ते कळायला लागलं होतं. लोक म्हणायचे, नरवड्याच्या पोराचा हात ऐकतो.

मग जनावरांत लंपीची साथ आली. जनावरांचे बाजार महिनोन्महिने बंद राहिले. अंगद घरी बसून होता. तेव्हा मोबाईलवर त्याला पोकर सापडला. खेळ सोपा होता. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते, मध्ये एकेक करत पाच उघडे, आणि आपल्याकडे काय आहे यापेक्षा काय असल्याचं भासवतो यावर सगळी मदार. नसलेलं असल्यासारखं दाखवायचं आणि असलेलं लपवायचं; नरवड्यांच्या घरात तीन पिढ्या हेच तर चाललं होतं. बायकोनं, ज्ञानेश्वरीनं, एकच अट घातली होती, पैसे लावायचे नाहीत. ती त्यानं पाळली. गेल्या साली कायद्यानं पैशांचे खेळ बंद झाले तेव्हाही त्याला काही फरक पडला नाही, तो पैशांऐवजी मिळणाऱ्या फुकटच्या चकत्यांवर खेळत होता. म्हणून कोणी काही बोललं नाही. घरातून एक रुपया गेला नाही. जे गेलं ते कुठल्या डब्यात ठेवलेलं नव्हतं.

मोबाईलवर समोर माणूस नसतो. गोल चित्र असतं: कुणाचं वाघाचं, कुणाचं जीपचं. मनगट नाही, घाम नाही, थुंकी गिळणं नाही. असतात फक्त सेकंद. कोण किती सेकंद थांबून चकत्या पुढे टाकतो, एवढंच वाचायला मिळतं. अंगदनं ते वाचायला घेतलं आणि त्यात तो तरबेज झाला. पण सेकंद वाचायला डोळ्याचा एक कोपरा पुरतो. उरलेल्या डोळ्याला काम नव्हतं, म्हणून त्यानं दुसरं टेबल उघडलं. मग तिसरं, चौथं. हाताएवढ्या काचेवर चार टेबलं. हलके पत्ते आले की ते आपोआप टाकले जावेत अशी खूण करायची सोय होती. ती केली की हातात पत्ते नाहीत असा क्षणच उरत नसे. नको असलेला वेळ बोटानं बाजूला सारता यायचा. आणि फार रेंगाळलं की मोबाईल तीनदा थरथरायचा, म्हणजे पाच सेकंद राहिले. तेवढ्यात ठरवलं नाही तर तो पत्ते काढून घ्यायचा. ती थरथर आली की अंगदचं बोट डोक्याच्या आधी हलायचं.

बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यानंच बाकीच्यांना पोकर शिकवला. काकासाहेबांनी जन्मभर तीन पत्ती खेळलेली, ते दोन बाजारांत पारंगत झाले. आता अंगदचीच पंचाईत होऊन बसली होती. इथं एका डावाला दहा मिनिटं लागायची. सुनील तर पत्ते उचलून बघायलाच वेळ घ्यायचा, आणि बघून झाले की पुन्हा एकदा बघायचा.

या सगळ्याला वजन आलं ते काकासाहेबांच्या गुडघ्यांमुळे. बहात्तर वर्षांचे काकासाहेब आता उभं राहून व्यवहार करू शकत नव्हते. पाडव्याला या कामातून हात धुणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. करंजीच्या घाटापासून मिरीपर्यंतच्या गावांत बैल विकायचा म्हटलं की लोक त्यांच्याकडेच येत. ती सगळी गावं ते एकाच्या हाती सोपवणार होते, अंगदच्या नाहीतर सुनीलच्या. सगळा बाजार धरून चालला होता की अंगदच्या. अंगद एकटाच धरून चालला नव्हता. आपल्या हाताला पूर्वीइतकं ऐकू येत नाही, हे त्याला दीडेक वर्षापासून माहीत होतं. टॉवेलाखाली बोटं मोजता यायची, पण मनगटापाशी पोचेपर्यंत मन कुठेतरी जाऊन यायचं.

माघातल्या एका बाजारी त्यानं पत्ते टाकले होते आणि तो उन्हाच्या पट्टीकडे बघत होता. काकासाहेबांनी मान वर न करता विचारलं, "आंगद, आत्ता सुनीलनं चिंचोके कोणत्या हातानं सरकावले?"

"उजव्या."

"उजव्या हातात त्याच्या चहा हाय."

विजयमालाबाई हसल्या. "भाऊ, तुमी हितं बसलाय का घोडेगावच्या बाजारात?"

सुनीलनं चहाचा पेला उचलून दाखवला आणि पुन्हा आपल्या पत्त्यांत डोकं घातलं. अंगदही हसला. काकासाहेब हसले नाहीत.

"पत्ते टाकले की तू उठून जातोस," ते म्हणाले. "बसल्या जागी जातोस. आरं, तवाच तर बघायचं असतं. आपल्या हातात काय न्हाई, तर डोळं मोकळं."

मग डाव संपल्यावर, काठी शोधता शोधता, त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. पुढच्या बाजारी शिरापूरच्या राहीबाई आपली जोडी आणणार होत्या. घेणारा आष्टीकडचा, त्याच्या वतीनं गोरक्षनाथ येईल. हात अंगदनं धरायचा. काकासाहेब स्वतः हॉटेलाच्या दारातल्या बाकड्यावर बसणार. परीक्षा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. सुनीलनं मात्र चिंचोके पिशवीत भरता भरता एकदा वर पाहिलं, आणि ते अंगदला दिसलं.

तो आठवडा अंगदनं स्वतःशी झटण्यात घालवला. दुपारी गोठ्यात खाटेवर बसून त्यानं ठरवलं की दहा मिनिटं समोरच्या गाईकडे बघायचं, दुसरं काही नाही. गाय रवंथ करत होती. घास नरड्यातून वर येताना दिसतो, तेवढं टिपायचं. चार घास त्यानं टिपले. पाचव्याला जोडी न्यायला आष्टीकडचा टेम्पो किती वाजता येईल हा विचार आला, आणि भानावर आला तेव्हा मोबाईल हातात होता. तो खाटेवरून कधी उचलला हे आठवेना. याचंच त्याला भय वाटलं. चोर घरात शिरलेला दिसला तर माणूस ओरडेल तरी; हा चोर दिसतच नव्हता.

मग त्यानं उलटा मार्ग धरला. मोबाईलवरच, पण एकच टेबल. आपोआप पत्ते टाकायची खूण काढून टाकली. पत्ते नसताना बाकीच्यांचे सेकंद मोजत बसायचं. पहिला अर्धा तास बरा गेला. त्या वाघाच्या चित्रामागचा माणूस चांगल्या पत्त्यांना मुद्दाम उशीर लावतो, हे त्याला नव्यानं दिसलं. त्याला हुरूप आला. त्या हुरुपातच त्यानं दुसरं टेबल उघडलं. आणि दुसऱ्याकडे जाताना मध्येच एक पाटी आली: हजार खेळाडूंची फुकट स्पर्धा, अमुक वारी, सकाळी अकरा. ती बाजूला सारायची म्हणून त्यानं बोट टेकवलं. नाव नोंदलं गेलं का नुसती पाटी गेली, याकडे त्याचं लक्ष नव्हतं. वार बाजाराचा होता.

त्या संध्याकाळी जेवताना ज्ञानेश्वरी मुलीच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती. अंगद हं म्हणाला. ती थांबली.

"माझं बोलणं संपायच्या आधी तुमी हं म्हणता," ती म्हणाली. "आधी असं न्हवतं. आधी तुमी उशिरा म्हणायचा."

ती भांडत असती तर बरं झालं असतं. ती फक्त दिसलेलं सांगत होती, आणि तिला दिसत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्यानं मोबाईल घरी ठेवायचं ठरवलं. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. टेम्पोवाल्याचा फोन येणार होता. आवाज बंद करून त्यानं मोबाईल खिशात टाकला. थरथर वेगळी बंद करायची असते, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

राहीबाई साठीच्या होत्या, बारीक आणि ताठ. मुलानं छोटा ट्रॅक्टर घेतला होता, आणि दावणीला नुसती उभी असलेली जोडी त्यांना बघवत नव्हती. बैल खिलारी, सहा दाती म्हणजे ऐन उमेदीचे, शिंगं जुळवून घेतल्यासारखी. राहीबाईंना गाडी लागली होती, तरी आल्या आल्या त्यांनी आधी बैलांना पाणी दाखवलं. मग अंगदला बाजूला घेऊन आपला आकडा सांगितला. त्याच्या खाली द्यायची नाही. वर किती आणायचं ते तुझ्या हातात. आणि जोडी शेतावर जाईल अशाच दावणीला जाऊ दे. अंगदनं मान हलवली. जोडी बघून त्याला कळलं होतं की राहीबाईंच्या आकड्यावर दोन बोटं सहज येतील, आणि बोट हजाराचं.

गोरक्षनाथ पावणेअकराला आला. आडवा, घामेजलेला माणूस, सगळ्या बाजाराला चेष्टेत भावजी म्हणणारा. त्याची तर्जनी कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धी गेलेली. ती धरली तरी पुरं बोट मोजायचं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यानं बैलांचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, चालवून बघितले, आणि ही म्हातारी जनावरं कुठून आणली म्हणून नेहमीची कुरकुर केली. मग अंगदनं खांद्यावरचा टॉवेल काढला.

हात हातात गेला आणि अंगदला हायसं वाटलं. गोरक्षनाथचा तळवा गरम होता, जाडाभरडा, आणि त्याखाली मनगटातली शीर स्पष्ट लागत होती. पहिलं बोट आलं. अंगदनं ते झटकलं. पुन्हा आलं, जरा वेळ लावून. अंगद राहीबाईंच्या बैलाच्या वशिंडाकडे बघत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याचं मन हाताजवळच होतं. बाजाराचा गोंगाट मागे सरला. गोरक्षनाथ राहीबाईंच्या आकड्यावर येऊन थांबला तेव्हा त्याचं मनगट सैल नव्हतं. अजून आहे, हे अंगदला स्वच्छ कळलं. त्यानं दोन बोटं वर मागितली. गोरक्षनाथनं श्वास सोडला. अर्धी तर्जनी हलली, उठायला लागली.

तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

आणि अंगदची मूठ आवळली गेली.

त्यानं आवळली नाही. ती आवळली गेली. पण मुठीला हा फरक नसतो. त्याच्या तळव्यात ती अर्धी तर्जनी, उठता उठता, दबून राहिली होती. गोरक्षनाथनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानंही मूठ आवळली, राहीबाईंच्या आकड्यावर, आणि टॉवेल काढून अंगदच्या खांद्यावर टाकला.

"चला भावजी," तो म्हणाला. "झालं."

टॉवेलाखाली काय होऊ शकलं असतं, हे दोनच माणसांना माहीत असतं. अंगदनं राहीबाईंच्या कानात आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, बैलांना गुळाचा खडा दिला आणि कासरा स्वतःच्या हातानं गोरक्षनाथच्या माणसाला दिला. जोडी आष्टीच्या शेतावर जाणार होती, ते खरं होतं. भाव त्यांच्या आकड्याखाली गेला नव्हता, म्हणजे फसवणूक नव्हती. अंगद स्वतःला हे सांगत हॉटेलाकडे चालत आला. दारात काकासाहेबांनी विचारलं, झालं का. त्यानं झालं म्हटलं. खिशात मोबाईल अजून अधूनमधून थरथरत होता. अकराची स्पर्धा सुरू झाली होती, तिकडे कुठल्यातरी टेबलावर त्याच्या नावचे पत्ते वाटले जात होते आणि काढून घेतले जात होते. त्यानं तो बंद केला.

दुपारी एकला डाव बसला तेव्हा गोरक्षनाथही येऊन टेकला. टेम्पोचं चाक बसलं होतं, दुरुस्त होईपर्यंत त्याला वेळ होता. पोकर त्यालाही येत होता. विजयमालाबाईंनी आपले चिंचोके त्याला दिले आणि त्या भज्यांचा घाणा काढायला गेल्या.

त्या दिवशी अंगदला सगळं दिसलं. सुनील चांगले पत्ते आले की पाय अंगाखाली घेतो. काकासाहेब खोटी बोली लावताना चिंचोके मोजत नाहीत, मुठीनं ढकलतात. गोरक्षनाथ आपली अर्धी तर्जनी पत्त्यांच्या मागे लपवतो, आणि हात चांगला असला की विसरतो. पत्ते टाकले तरी अंगदचे डोळे हलत नव्हते. दीड वर्ष ज्यासाठी धडपडला ते आज आपोआप घडत होतं, आणि त्यात आनंद नव्हता. कारण तो खेळ बघतच नव्हता. तो एकाच माणसाकडे बघत होता: हा आता बोलेल का? गोरक्षनाथ चिंचोके मागे ओढून हसला की अंगद त्याच्या ओठांकडे बघायचा. तो काकासाहेबांकडे वळून, यंदा ऊस कसा, म्हणाला तेव्हा अंगद पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. पुढचा शब्द पाण्याबद्दल होता.

तीन डाव असे गेले. तिसऱ्यात अंगदकडे दोन एक्के आले आणि त्यानं ते टाकून दिले. जिंकलो तर सगळे माझ्याकडे बघतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

"आंगदा," काकासाहेब म्हणाले, "आज चांगलं बघतोयस."

या वाक्यानं त्याचा धीर सुटला. रागावले असते तर तो गप्प राहू शकला असता.

"काका, माझी मूठ चुकली," तो म्हणाला. "राहीबाईच्या येव्हाराला. बोट येत हुतं वर. मी आधीच आवळली."

सुनीलनं पत्ते खाली ठेवले. गोरक्षनाथनं अर्धी तर्जनी पुढे धरून तिच्याकडे पाहिलं, जशी काही ती दुसऱ्याची होती.

"मला वाटलं, भावजीला घाई हाय," तो हळू म्हणाला. "मी कशाला थांबवू?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. काकासाहेबांनी मान हलवली. मग अंगदकडे वळून म्हणाले, "मला काय सांगतोस? बैल माझं हुतं का? ती दोनच्या जीपची वाट बघत उभी हाय. जा."

राहीबाई फाट्यावर, दुकानाच्या सावलीला उभ्या होत्या. हातात बैलाची जुनी वेसण होती, ती त्यांनी मुद्दाम ठेवून घेतली होती. अंगदनं जे घडलं ते सांगितलं. खिशातला मोबाईल, तीन थरथरी, मूठ. मोबाईलवरचा खेळ समजावून सांगायला लागला तेव्हा त्याला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटलं आणि तो मध्येच थांबला. बोटाचे पैसे मी भरतो, असं म्हणाला.

"मला ठावं हाय," राहीबाई म्हणाल्या.

त्याला कळेना.

"मी समोरच हुते की. तुझा खांदा उडाला. तुझं ध्यान खिशाकडं गेल्तं. मी मनात म्हनलं, आता हा सोडतोय." त्यांनी वेसण गुंडाळायला घेतली. "पैसं नको भरूस. आकडा म्याच सांगितल्ता. पर तू माझ्या बैलाकडं बघत उभा हुतास न्हवं, मला वाटलं, बरं हाय, हा बघतोय."

जीप आली. त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

फाट्यावरून हॉटेलाकडे परत येईपर्यंतची दोनशे पावलं अंगदला लांब वाटली. सगळ्यांनी पाहिलं होतं. काकासाहेबांनी बाकड्यावरून पाहिलं असणार, म्हणून तर विचारलं, झालं का. राहीबाईंनी पाहिलं. घरी ज्ञानेश्वरी रोज पाहत होती. मोबाईलवरच्या टेबलावर आपण गोल चित्रामागे असतो. तिथं तीन-साडेतीन वर्षं राहून, उघड्यावर उभा असलेला माणूस दिसतो, हेच तो विसरून गेला होता.

पत्र्याखाली चिंचोके पिशवीत गेले होते. गोरक्षनाथ टेम्पोकडे निघून गेला होता. काकासाहेबांनी अंगदला समोर बसवलं आणि जास्त काही न बोलता सांगितलं: गावं सुनीलकडे जातील. सुनीलनं जमिनीकडे बघितलं. आनंद लपवायला त्याला जमत नव्हतं, आणि अंगदला ते दिसलं याचंही त्याला वाईट वाटत असावं.

"अन् मी?" अंगदनं विचारलं.

"तू वरीसभर हात धरायचा न्हाई. सुनीलच्या बाजूला उभा ऱ्हायचं अन् बघायचं. मोबाईल विजयमालेच्या गल्ल्यावर. बाजार उठला की मला येऊन सांगायचं, काय काय पाह्यलं."

"अन् वरसानं बी न्हाई जमलं तर?"

काकासाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पुन्हा बसले. "ते मला काय ठावं?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि अंगदला त्याचीच धडकी भरली.

पुढच्या बाजारी तो सुनीलपासून दोन हात अंतरावर उभा राहिला. हातांना काम नव्हतं. ते आधी पाठीमागे गेले, मग छातीवर, मग नुसते लोंबत राहिले. येणारे-जाणारे बघत होते. एकानं विचारलं, काय अंगदराव, आज रिकामे? त्यानं हो म्हटलं. सुनीलनं टॉवेल टाकला. समोर एक पाडळीचा माणूस, मध्ये एक तांबडा गोऱ्हा. अंगदनं नजर टॉवेलाबाहेर दिसणाऱ्या सुनीलच्या कोपरावर लावली. कोपर स्थिर. पाडळीवाल्याचा अंगठा टॉवेलाच्या कडेतून दिसत होता, नख पांढरं पडलेलं, म्हणजे दाब आहे. मग मागून पिकअप गेली, धूळ उडाली, आणि त्याचं मन पिकअपच्या मागच्या फळीवर बसून थेट फाट्यापर्यंत जाऊन आलं. परत आलं तेव्हा टॉवेल निघालेला होता. मूठ कधी आवळली ते त्याला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या व्यवहाराला तो जरा जवळ सरकला. तिसऱ्याला त्याला वाटलं की समोरच्याचा डावा पाय मागे सरला, आणि लगेच मूठ झाली. चौथ्याला उन्हानं डोळे चुरचुरले, तरी त्यानं ते मिटले नाहीत. बारा वाजेपर्यंत काकासाहेबांना सांगायला त्याच्याकडे अकरा गोष्टी जमल्या होत्या. त्या तो मनात ओळीनं लावून बघत होता. पण त्यातल्या किती त्यानं खरोखर पाहिल्या आणि किती मधल्या रिकाम्या जागा भरायला स्वतःच बसवल्या, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. आणि बाजार उठायला अजून तास होता.